मेलेले कावळे आणि जिवंत कोंबड्या

जानेवारी २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, मुगाव शिवारात ११ कावळे मरून पडलेले आढळले. नमुने भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब झाले. त्याच दिवसांत शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आठशेहून अधिक कोंबड्या मेल्या, मग किलोमीटरभराच्या परिघातल्या उरलेल्या पक्ष्यांचीही विल्हेवाट लावली गेली. लोकांनी चिकनकडे पाठ फिरवली, कोंबडीचा भाव कोसळला. माणूस मात्र एकही दगावला नाही. काही आठवड्यांत विषय संपला, आणि ‘उगाच बाऊ केला’ असे म्हणायला लोक मोकळे झाले. आधीची घबराट आणि नंतरची बेफिकिरी या दोन्हींचे माप एकच होते: किती पक्षी मेले. हा विषाणू माणसाच्या किती जवळ आला, हे त्या मापाने कळत नाही.

पक्ष्यांचा फ्लू माणसाला सहसा होत नाही, कारण त्याच्या वाटेत एकापेक्षा जास्त अडथळे आहेत. फ्लूचा विषाणू पेशीला चिकटतो तो तिच्या पृष्ठभागावरच्या सायलिक आम्लाला धरून. हे आम्ल पक्ष्यांच्या आतड्यात आणि श्वासमार्गात एका पद्धतीने जोडलेले असते, आपल्या नाकाघशात दुसऱ्या पद्धतीने. पक्ष्यांसारखी जोडणी माणसातही आहे, पण ती मुख्यतः फुफ्फुसांच्या तळाशी आणि डोळ्यांच्या आवरणात. म्हणून आजारी कोंबड्यांच्या अगदी निकट राहून भरपूर विषाणू ओढला गेला, तर माणसाला जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. तरीही शिंकेखोकल्यातून दुसऱ्याला सहसा लागण होत नाही. दुसरा अडथळा पेशीच्या आत आहे. विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला यजमानाच्या एका प्रथिनाची मदत लागते. पक्ष्यांतले ते प्रथिन आपल्यापेक्षा लांब असते, त्यामुळे पक्ष्यातून आलेला विषाणू आपल्या पेशीत अडखळतो. त्यातच पक्ष्याचे शरीर चाळीस अंशांच्या वर तापलेले, तर आपले नाक ३३ अंशांच्या आसपास, म्हणजे या विषाणूला नको तेवढे थंड. शिवाय हवेतल्या थेंबात टिकून राहायचे, तर विषाणूचे बाहेरचे प्रथिन पुरेसे चिवट असावे लागते.

प्रती काढताना हा विषाणू चुका करतो आणि त्या सुधारण्याची सोय त्याच्याकडे नाही. त्यामुळे एकाच रुग्णाच्या शरीरातही असंख्य वेगवेगळ्या प्रती तयार होतात, आणि त्यांतली जी चांगली वाढते ती पुढे जाते. प्रती काढण्याचा अडथळा ओलांडणारा, विषाणूच्या ‘पीबी२’ या प्रथिनाच्या ६२७ व्या जागी होणारा बदल माणसांत पुनःपुन्हा सापडला आहे, याचे कारण हेच: तो त्या शरीरातच फायद्याचा ठरतो. नाकाघशात चिकटण्याचा किंवा हवेत टिकण्याचा गुण मात्र तळच्या फुफ्फुसात अडकलेल्या विषाणूला काहीच मिळवून देत नाही. त्याचा लाभ सुरू होतो तो एका सस्तन प्राण्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी साखळी लागली की. विषाणूला हेतू नसतो. साखळी नसेल तर पसरण्याचा गुण निवडला जायला कारणही नसते. हजारो मेलेल्या कोंबड्यांपेक्षा अशी एक छोटी साखळी मला अधिक चिंतेची वाटते ती यामुळेच. स्पेनमध्ये फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक या प्राण्यांच्या फार्मवर २०२२ मध्ये आणि अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत २०२४ पासून अशा साखळ्या दिसल्या. नागपूरच्या गोरेवाड्यात २०२४ च्या डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूच्या एच५एन१ या प्रकाराने मेले, तेव्हा विषाणू सस्तन प्राण्यापर्यंत महाराष्ट्रातही पोचतो हे दिसले. पुढची पायरी, म्हणजे साखळी लागणे, त्याहून अवघड असते.

एक आडवाटही आहे. या विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. पक्ष्याचा आणि माणसाचा असे दोन फ्लू एकाच पेशीत शिरले, तर पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसल्यासारखे हे तुकडे मिसळून नवाच विषाणू निघू शकतो. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी अशाच मिश्रणातून आल्या. इथे एच५एन१च्या गाजावाजात मागे पडलेले एक नाव पुढे येते: एच९एन२. हा विषाणू कोंबड्यांना सहसा मारत नाही, अंडी थोडी घटतात, मालकाला पत्ताही लागत नाही. पण १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये माणसांना झालेल्या एच५एन१ची आणि २०१३ मध्ये चीनमध्ये निघालेल्या एच७एन९ची आतली जनुके एच९एन२च्या कुळातून आलेली होती. माणसाला एच९एन२ झाल्याची भारतातली पहिली नोंद महाराष्ट्रातलीच, २०१९ मधली, मेळघाटातल्या एका तान्ह्या मुलाची. श्वसनाच्या दुसऱ्याच आजाराचा अभ्यास चालू असताना घेतलेल्या नमुन्यात, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला तो सापडला. बाळ बरे झाले. तो अभ्यास चालू नसता, तर ही नोंद झालीच नसती.

यावर रास्त आक्षेप असा की १९९७ पासून ही भीती घातली जाते आहे आणि माणसांतली साथ अजून आलेली नाही. २००३ पासून जगभरात साडेनऊशेहून अधिक लोकांना एच५एन१ झाला, त्यांतले जवळपास निम्मे दगावले, तरी तो माणसामाणसांत टिकला नाही. कदाचित एच५ जातीला ते जमणारच नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. लागणारे बदल एकत्र यावे लागतात आणि सुटा बदल कधी विषाणूलाच महाग पडतो. मात्र रॉटरडॅमच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये दाखवले की मोजक्या बदलांनी एच५एन१ फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांत हवेतून पसरू शकतो. अमेरिकी गाईंतल्या विषाणूला माणसाच्या जोडणीकडे वळायला एकच बदल पुरतो, असे २०२४ च्या प्रयोगात दिसले. म्हणजे ‘जमणार नाही’ असे म्हणता येत नाही. ‘अजून संधी अपुऱ्या पडल्या’ एवढेच म्हणता येते. अमेरिकेतल्या बहुतेक रुग्णांना नुसते डोळे येण्याइतका सौम्य त्रास झाला, यानेही हायसे वाटू नये. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णापेक्षा हिंडताफिरता रुग्ण विषाणूला जास्त माणसे भेटवतो.

मराठवाड्यात या संधी कुठे आहेत? ताटात नाहीत, हे आधी सांगायला हवे. नीट शिजवलेल्या कोंबडीत हा विषाणू उरत नाही आणि २०२१ मध्ये बीडच्या पोल्ट्रीवाल्यांना गिऱ्हाइकांच्या भीतीची जी झळ बसली ती विनाकारण होती. धोका जिवंत किंवा आजारी पक्षी हाताळण्यात, सोलण्यात आहे. जायकवाडीच्या पाण्यावर पाहुणे पक्षी हिवाळ्यात उतरतात, ऊसतोडीचा हंगामही तेव्हाच ऐन भरात असतो. बीडची हजारो कुटुंबे मुलाबाळांसह, अनेकदा शेळ्याकोंबड्याही बरोबर घेऊन, कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात. माणसांतल्या फ्लूचा एक चढही याच महिन्यांत येतो. एका कोपीत तापाने फणफणलेले मूल आणि दोन हातांवर झोपलेली कोंबडी असणे हे तिथले रोजचे चित्र. गावरान कोंबड्यांत मर लागली की ती मानमोडी (कोंबड्यांचा नेहमीचा साथरोग) समजून सोडून दिली जाते. भरपाई जिवंत पकडून मारलेल्या पक्ष्यांचीच मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. त्यामुळे उशिरा कळवणाऱ्याचे नुकसान वाढते, आणि कळवले तर गल्लीतल्या सगळ्यांच्याच कोंबड्या जातात या धास्तीने परसात कोंबड्या पाळणारा माणूस गप्प बसतो. त्या दिवसांत आजारी पक्षी त्याच्याच घरात, त्याच्याच हातात असतात.

कावळे मेले की यंत्रणा धावते. पण एच९एन२ शोधायचा, तर न मेलेल्या कोंबड्यांचे नमुने बाजारातून नियमित घ्यावे लागतात, आणि हंगामात कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात आलेल्या तापखोकल्याच्या रुग्णाला ‘कोंबड्या आहेत का, त्यांतली एखादी आजारी होती का’ असे विचारावे लागते. त्याचा नमुना फ्लू-ए निघाला आणि उपप्रकार मात्र ठरेना, तर तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडेच जायला हवा.