विभेदक कुलूप, मोटारगाडीतील

विभेदक कुलूप : मोटारगाडीच्या एका आसावरील दोन्ही चाके एकाच गतीने फिरावीत, यासाठी विभेदक दंतचक्रमालेची म्हणजे डिफरन्शियलची क्रिया पूर्णपणे अथवा काही काळापुरती थांबविणारी यंत्रणा. व्यवहारात तिला ‘डिफरन्शियल लॉक’ किंवा नुसते ‘लॉकर’ म्हणतात. चिखल, वाळू, बर्फ, खडकाळ चढ अशा ठिकाणी चालणारी वाहने, शेतीचे ट्रॅक्टर, लष्करी मालमोटारी व खाणकामाची वाहने यांत ती वापरली जाते. अशी यंत्रणा नसलेल्या वाहनात ती मागाहूनही बसविता येते. मात्र तिच्या प्रकारांत किंमत, बळकटी व रस्त्यावरील वर्तन या बाबतींत मोठे अंतर असल्यामुळे मर्यादित खर्चात योग्य प्रकार निवडणे हा तांत्रिक विचाराचा विषय ठरतो.

गरज : वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर तोडावे लागते. दोन्ही चाके एकाच दंडावर पक्की असतील, तर त्यांपैकी एक घसटत जाते. ही अडचण दूर करणाऱ्या विभेदक दंतचक्रमालेचा वापर रस्त्यावरील स्वयंचलित वाहनात करण्याचे श्रेय ओनेसिफोर पेकर या फ्रेंच अभियंत्याला देतात. त्याने १८२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी तिचे एकस्व घेतले होते. या रचनेत चाकांच्या गती वेगळ्या होऊ शकतात, परंतु दोन्ही चाकांना मिळणारे पिळणारे परिबल, म्हणजे टॉर्क, जवळजवळ समानच राहते. पक्क्या रस्त्यावर हा गुण असतो. निसरड्या जमिनीवर तोच दोष ठरतो. कारण कमी पकड असलेले चाक जेवढे परिबल पेलू शकते, तेवढेच दुसऱ्या चाकालाही मिळते. एक चाक हवेत उचलले गेले, तर ते नुसतेच फिरत राहते आणि जमिनीवर घट्ट टेकलेले दुसरे चाक स्थिर राहते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १,६०० किग्रॅ. वजनाच्या गाडीचे वजन चारही चाकांवर समान, म्हणजे प्रत्येकी ४०० किग्रॅ. आहे असे मानू. डावी चाके चिखलात असून तेथे घर्षणांक ०·१ आहे. उजवी चाके घट्ट जमिनीवर असून तेथे तो ०·६ आहे. म्हणजे डावे चाक जास्तीत जास्त ४० किग्रॅ. आणि उजवे चाक २४० किग्रॅ. इतकी प्रेरणा जमिनीला देऊ शकेल. शेकडा १० चढ आणि मऊ जमिनीचा लोटन-रोध (गाडीच्या वजनाच्या शेकडा ५) यांवर मात करण्यास सु. २४० किग्रॅ. प्रेरणा लागेल. पुढचा व मागचा आस ट्रान्सफर केसद्वारे एकमेकांशी पक्के जोडलेले असले, तरी दोन्हींवर साधे डिफरन्शियल असल्यास प्रत्येक आसापासून ८० याप्रमाणे एकूण १६० किग्रॅ. एवढीच प्रेरणा मिळते व गाडी अडते. फक्त मागचा आस कुलूपबंद केल्यास मागून २८० व पुढून ८० मिळून ३६० किग्रॅ. प्रेरणा उपलब्ध होते आणि गाडी चढते. दोन्ही आस कुलूपबंद केल्यास हा आकडा ५६० वर जातो. यावरून दोन गोष्टी दिसतात. कुलूप नवी पकड निर्माण करीत नाही, असलेली पकड वापरू देते. आणि बहुतेक प्रसंगी पहिले कुलूपच गाडी अडणे व निघणे यांतील फरक घडविते. खर्चाची मर्यादा असताना दोन्ही आसांवर हलक्या प्रतीची कुलुपे बसविण्यापेक्षा एकाच आसावर योग्य कुलूप बसविणे हिताचे असते, ते यामुळेच.

प्रकार : (१) कायम जोड : यात विभेदक दंतचक्रे काढून त्यांच्या जागी एकसंध तुकडा बसवितात. त्याला ‘स्पूल’ म्हणतात. काही जण मूळ दंतचक्रेच वेल्डिंग करून एकमेकांस जोडतात. हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, परंतु प्रत्येक वळणावर टायर घसटतो, आसदंडांवर सतत ताण येतो आणि ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग सरकण्याचा धोका असतो. वेल्डिंगचा जोड तुटल्यास त्याचे तुकडे क्राउन व पिनियन यांच्या दात्यांत सापडून सबंध आस निकामी होऊ शकतो. केवळ रस्त्याबाहेर चालणाऱ्या गाडीपुरताच हा प्रकार मर्यादित ठेवावा.

(२) स्वयंचलित कुलूप : यात दातेरी जोडचकत्या असतात. चाक चालक दंडापेक्षा अधिक वेगाने फिरू शकते, परंतु कमी वेगाने फिरू शकत नाही. त्यामुळे सरळ जाताना दोन्ही चाके जोडलेली राहतात आणि वळणावर बाहेरचे चाक सुटून पुढे निघते. त्या वेळी सर्व परिबल आतल्या चाकाकडे जाते. ‘डेट्रॉइट लॉकर’ या नावाने प्रसिद्ध असलेली रचना या प्रकारची असून दुसऱ्या महायुद्धकाळात ती अमेरिकी लष्करी मालमोटारींत वापरली गेली. याच तत्त्वाचे लहान व स्वस्त रूप म्हणजे ‘लंचबॉक्स लॉकर’. यात मूळ पिंजरा, म्हणजे क्राउन चक्र ज्यावर बसविलेले असते तो भाग, तसाच ठेवून आतील लहान दंतचक्रांच्या जागी जोडचकत्या घालतात. क्राउन-पिनियनची जुळणी हलवावी लागत नसल्याने सामान्य हत्यारांनिशी काळजीपूर्वक काम करणारा कारागीर तो बसवू शकतो व मजुरीची बचत होते. मात्र त्याची बळकटी मूळ पिंजऱ्याच्या बळकटीपेक्षा अधिक असू शकत नाही.

(३) चालकाधीन कुलूप : चालकाच्या इच्छेनुसार संपीडित हवेने, विद्युत् चुंबकाने किंवा तारेने जोडले जाणारे हे कुलूप न जोडता साध्या डिफरन्शियलसारखेच वागते. ट्रॅक्टरमध्ये पायाने दाबावयाचे कुलूप पूर्वीपासून प्रचलित आहे. नांगरताना एक चाक घसरू लागले की ते वापरतात. १९७९ मध्ये आलेल्या मर्सिडीज-बेंझ जी-वर्गातील वाहनांत अशी कुलुपे उपलब्ध होती. जीप रँग्लरच्या २००३ पासूनच्या ‘रुबिकॉन’ प्रकारात ती दोन्ही आसांवर कारखान्यातूनच दिली गेली. मागाहून बसविण्यास हा सर्वांत महाग प्रकार होय, कारण कुलपाखेरीज छोटा कॉम्प्रेसर, नळ्या, विद्युत् जोडणी आणि क्राउन-पिनियनची नव्याने जुळणी यांचाही खर्च येतो. दात्यांमधील मोकळीक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत राखावी लागत असल्याने हे काम अनुभवी कारागिराकडेच द्यावे.

(४) मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल : हे खऱ्या अर्थाने कुलूप नव्हे. क्लचच्या चकत्यांनी किंवा मळसूत्री दंतचक्रांनी ते अधिक पकडीच्या चाकाकडे काही पट परिबल वळविते. व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ मध्ये मांडलेली व पुढे ‘टॉर्सेन’ नावाने प्रसिद्ध झालेली रचना दुसऱ्या वर्गातील आहे. वरील उदाहरणात मागच्या आसावर तिप्पट परिबल वळविणारे असे डिफरन्शियल असल्यास मागून १६० व पुढून ८० मिळून २४० किग्रॅ., म्हणजे जेमतेम पुरेशी प्रेरणा मिळेल. चाक पूर्ण हवेत असल्यास शून्याची तिप्पट शून्यच राहते. अशा वेळी ब्रेक हलका दाबून घसरत्या चाकाला रोध देण्याची युक्ती वापरतात. ओल्या व बर्फाळ रस्त्यावर मात्र हा प्रकार स्वयंचलित कुलपापेक्षा सौम्य वागतो.

निवडीचे निकष : पहिला निकष आसाची बळकटी हा होय. साध्या डिफरन्शियलमध्ये एका आसदंडावर एकूण परिबलाच्या निम्म्याहून फारसे अधिक परिबल कधीच येत नाही. कुलूपबंद आसाचे एक चाक उचलले गेल्यास मात्र सर्व वजन व सर्व परिबल दुसऱ्या चाकावर येते. वरील गाडीत टायरची त्रिज्या ०·३५ मी. धरल्यास घट्ट जमिनीवर एका आसदंडावर येणारे परिबल ८४ किग्रॅ.-मीटरवरून १६८ पर्यंत, म्हणजे दुप्पट होते. मोठे टायर लावल्यास ते आणखी वाढते. म्हणून कुलूप विकत घेण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणता आस आहे, हे निश्चित करावे.

अमेरिकेत १९८४ ते २००१ या काळात विकली गेलेली जीप चेरोकी हे या दृष्टीने बोधप्रद उदाहरण आहे. तिच्या मागच्या बाजूस काही गाड्यांत डाना ३५, तर काहींत क्रायस्लर ८·२५ हा आस असे. पहिल्याचे क्राउन चक्र सु. १९२ मिमी. व दुसऱ्याचे सु. २१० मिमी. व्यासाचे असते. डाना ३५ चे आसदंड २७ खाचांचे, तर १९९७ पासूनच्या क्रायस्लर आसाचे २९ खाचांचे व अधिक जाड असतात. १९९० नंतरच्या डाना ३५ मध्ये आसदंड आतील बाजूस इंग्रजी ‘सी’ आकाराच्या कड्याने अडविलेला असतो. दंड तुटल्यास चाकासह तो बाहेर सरकू शकतो. डाना ३५ वर महाग चालकाधीन कुलूप बसविणे म्हणजे कमकुवत भिंतीला भक्कम दार लावण्यासारखे होय. सु. ७८७ मिमी. म्हणजे ३१ इंची टायरपर्यंत व जपून चालविणाऱ्यास लंचबॉक्स लॉकर पुरेसा ठरतो. त्याहून अवघड वापर असल्यास मोडीत निघालेल्या गाडीतील क्रायस्लर आस सबंध आणून बसविणे आणि मग त्यात कुलूप घालणे, हा खर्च अधिक सार्थकी लागतो. मात्र नव्या मागच्या आसाचे दंतचक्र-गुणोत्तर पुढच्या आसाशी जुळलेच पाहिजे.

दुसरा निकष गुणोत्तराचा. मोठ्या टायरसाठी पुढे गुणोत्तर बदलावयाचे असल्यास ते काम कुलपाबरोबरच उरकावे. जुळणीची मजुरी एकदाच पडते. काही आसांत ठराविक गुणोत्तरानंतर पिंजराच वेगळा लागतो. चेरोकीच्या पुढील डाना ३० आसात ३·५४ च्या आसपास व त्याखालील गुणोत्तरांस एक, तर ३·७३ व त्यावरील गुणोत्तरांस दुसरा पिंजरा लागतो. हे लक्षात न घेता पिंजऱ्यासह घेतलेले कुलूप नंतर निरुपयोगी ठरते.

तिसरा निकष कोणत्या आसावर कुलूप बसवावे हा. चढावर वजन मागे झुकत असल्याने मागच्या कुलपाचा लाभ अधिक होतो. परंतु तेथील स्वयंचलित कुलूप रोजच्या रस्त्यावर खटके देते, टायर झिजविते आणि निसरड्या उतारावर गाडीची शेपटी खालच्या बाजूस सरकविते. आखूड गाडीत हा परिणाम अधिक जाणवतो. ज्या गाडीत रस्त्यावर केवळ मागची चाके चालविली जातात, तीत पुढच्या आसावरील लंचबॉक्स लॉकर रस्त्यावर जवळजवळ जाणवत नाही, कारण तेव्हा पुढच्या आसाकडे परिबलच जात नाही. रस्त्याबाहेर मात्र स्टीअरिंग जड होते आणि चाके पूर्ण वळविलेली असताना जोर दिल्यास पुढच्या दंडाचा युनिव्हर्सल जॉइंट तुटण्याचा संभव असतो. चारही चाके सतत चालविणाऱ्या गाडीच्या पुढच्या आसावर स्वयंचलित कुलूप बसवू नये.

खर्चाचा क्रम : गाडी रोज कुटुंबासाठी वापरली जात असेल आणि पाऊस वा बर्फ नेहमीचा असेल, तर मागच्या आसावरील एकच चालकाधीन कुलूप महाग असले तरी सर्वांत निर्धोक ठरते. तेवढा पैसा नसल्यास पुढच्या आसावरील लंचबॉक्स लॉकर हा पर्याय विचारात घ्यावा. तत्पूर्वी चांगले टायर, पुढे-मागे ओढण्यासाठी भक्कम आकडे व ओढपट्टा यांची तजवीज करावी. टायरमधील हवा मऊ जमिनीवर नेहमीच्या निम्म्याच्या आसपास आणल्याने जमिनीशी होणारा स्पर्श वाढतो व अनेकदा कुलपाची गरजच भासत नाही. पक्क्या रस्त्यावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरून घ्यावी. अलीकडच्या अनेक गाड्यांत घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असते. ती आधी चाक घसरू देते आणि दीर्घ वापरात ब्रेक तापविते, तथापि मध्यम अडचणींच्या वाटेस ती पुरेशी असते.

भारतातील वाहने : भारतात विलीज जीपची जुळणी १९४७ मध्ये महिंद्र उद्योगसमूहाने मुंबईत सुरू केली. या परंपरेतील जुन्या वाहनांत सामान्यतः साधे डिफरन्शियल असे. नाशिक येथे तयार होणाऱ्या व २०२० मध्ये नव्या रूपात आलेल्या थारच्या काही प्रकारांत मागच्या आसावर यांत्रिक स्वयंचलित कुलूप असून २०२४ मधील थार रॉक्सच्या चारही चाके चालविणाऱ्या प्रकारांत विद्युत् नियंत्रित कुलूप उपलब्ध झाले. अशी गाडी घेणाऱ्यास कारखान्यातून कुलूप बसविलेला प्रकार निवडणे मागाहून बदल करण्यापेक्षा बहुधा सोयीचे पडते. मागाहून फेरफार करावयाचा असल्यास गाडीची हमी, विमा आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ या बाबी आधी तपासाव्यात.

वापर : चालकाधीन कुलूप अडथळ्यात शिरण्यापूर्वी, चाके घसरू लागण्याच्या आधीच जोडावे, वेगाने फिरत्या चाकाशी ते एकदम जोडल्यास दाते अथवा आसदंड तुटू शकतो. घट्ट जमीन लागताच ते सोडावे. कोणत्याही प्रकारचे कुलूप नव्याने बसविल्यावर गाडी प्रथम मोकळ्या सपाट जागेत, कमी वेगाने वळवून पाहावी आणि तिचे बदललेले वर्तन हाताला परिचित झाल्यावरच घाटरस्त्यावर न्यावी.