गाळ कोणाचा?

आपल्याकडे ‘बॉयलर’ म्हटले की डोळ्यांपुढे साखर कारखान्याचे धुराडे येते, नाहीतर गिरणगावातली एखादी बंद पडलेली गिरणी. घरात असतो तो गीझर, आणि त्याच्या आधी होता तो तांब्याचा बंब. इंग्लंडमध्ये मात्र बॉयलर घरोघरी असतो. बहुधा स्वयंपाकघरातल्या एखाद्या कपाटात, पांढऱ्या पेटीच्या रूपात, भिंतीला टांगलेला. गॅसवर चालणारी ही पेटी पाणी तापवते, ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या पोलादी रेडिएटरांत फिरते, घराला ऊब देते आणि निवून परत पेटीकडे येते. आंघोळीचे पाणीही तिथूनच. त्यामुळे ही पेटी रुसली की सगळे घरच रुसते. हिवाळ्यात घरात निदान १८ अंश सेल्सिअस तरी तापमान राखावे, असे तिथले आरोग्य खाते सांगते. पुण्यात १८ अंश म्हणजे कपाटातून स्वेटर काढायची वेळ. तिथे ती तब्येत सांभाळण्याची खालची मर्यादा!

साहजिकच या पेटीला जपण्याचा एक मोठा धंदा तिथे उभा राहिला आहे. दरमहा काही पौंड भरायचे. बॉयलर बिघडला की कंपनीचा माणूस येऊन दुरुस्त करून देणार. आपण फ्रिजचा, एसीचा किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा वार्षिक करार करतो, त्याचेच हे मोठे भावंड. जाहिरातीत हसरे कुटुंब, गुबगुबीत मोजे घातलेली मुले आणि ‘निश्चिंत राहा’ असा भाव. कागद हाती आल्यावर मात्र पहिले पान अभयाचे आणि पुढची बारा पाने अपवादांची. मी उभी हयात बँकेत काढली. कागदाच्या दर्शनी बाजूवर बँक ग्राहकाशी बोलते आणि मागच्या बाजूवर स्वतःच्या वकिलाशी, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षातच एका वयोवृद्ध हेडक्लार्कनी शिकवले होते. विम्याच्या कागदालाही ते लागू आहे.

माझे एक स्नेही, बँकेतलेच, लेकीच्या बाळंतपणासाठी सपत्नीक लंडनजवळ गेले होते. जानेवारीचा महिना, बाळ तीन आठवड्यांचे. एका सकाळी नळाला गरम पाणी येत होते, पण रेडिएटर मात्र थंडगार. लेकीने कंपनीला फोन केला. दुसऱ्या दिवशी माणूस आला, पेटी उघडली, पाचच मिनिटांत म्हणाला, “पाण्यात गाळ आहे. गाळामुळे आतला व्हॉल्व्ह अडकलाय. गाळ तुमच्या करारात बसत नाही.” आणि पेटी मिटून गेला. स्नेह्यांचा मला फोन आला तेव्हा आवाजात थंडीपेक्षा संतापच जास्त होता. “अहो, तीन वर्षं नेमानं पैसे भरतेय पोरगी, आणि हा म्हणतो गाळ!”

हा गाळ काही बनावट गोष्ट नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. रेडिएटरांतले पाणी वर्षानुवर्षे तेच फिरत असते. त्यात हवा शिरली की आतून गंज धरतो आणि त्या गंजाची काळी भुकटी तळाशी साचते. रेडिएटर वरून गरम आणि खालून गार लागला तर समजावे गाळ. वरून गार आणि खालून गरम लागला तर नुसती हवा अडकलेली, ती किल्लीने सोडता येते. लंडनच्या बाजूचे पाणी जड, त्यामुळे आत चुन्याचे थरही बसतात. बोअरिंगच्या पाण्यावर गीझर चालवणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको. कंपनीचे म्हणणे असे, की विमा आकस्मिक बिघाडाचा असतो आणि गाळ हे हळूहळू साचणारे दुर्लक्ष आहे. दहा वर्षे न धुतलेल्या टाकीचा भार बाकीच्या हप्तेकऱ्यांनी का सोसावा? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ग्राहकाची बाजू घेताना ते विसरून चालत नाही.

पण तथ्य आहे म्हणून पुरावा आहे असे होत नाही. विमेदाराने दाखवायचे ते इतकेच, की करारात मोडणारा बिघाड झाला. त्यानंतर कंपनी अपवादाचे कलम पुढे करत असेल, तर ते इथे लागू पडते हे दाखवण्याचा बोजा कंपनीवर. पाच मिनिटांत पेटीत डोकावून ‘गाळ’ म्हणणे हे निदान झाले, पुरावा नव्हे. पाण्याचा नमुना घेतला का? अडकलेला भाग काढून पाहिला का? फोटो काढले का? अहवाल लिहिला का? बहुतेक भांडणे इथेच फिरतात.

दुसरा आवडता शब्द म्हणजे ‘आधीपासूनचा दोष’. करार घेण्यापूर्वीच बिघाड होता, सबब नामंजूर. इथे विमाव्यवसायाच्या जुन्या इतिहासात जरा डोकवावे लागते. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सुमात्रातल्या एका इंग्रजी किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात तत्त्व मांडले, की विमा हा परम विश्वासाचा व्यवहार आहे आणि माहिती असलेली गोष्ट दडवता येणार नाही. १९०६ च्या सागरी विमा कायद्यात ते पक्के झाले, आणि मग शंभर वर्षे त्याचा भार मुख्यतः ग्राहकाच्याच डोक्यावर राहिला: कंपनीने विचारले नाही तरी तुम्ही सांगायला हवे होते! घरगुती ग्राहकापुरता हा भार ब्रिटिश संसदेने २०१२ च्या कायद्याने उतरवला, आणि तो एप्रिल २०१३ पासून अमलात आला. आता ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नांना वाजवी काळजी घेऊन खरे उत्तर द्यायचे, एवढेच. करारातल्या संदिग्ध कलमाचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने घ्यावा, हेही तिथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात स्पष्ट लिहिले आहे.

या लेकीचा मुद्दा यातच दडलेला होता. दहा महिन्यांपूर्वी याच कंपनीच्या माणसाने बॉयलरची वार्षिक तपासणी करून ‘सर्व ठीक’ असा कागद दिला होता. तिने तो शोधून काढला. कंपनीचे उत्तर आले, की तपासणीत ज्योत आणि गॅस पाहतात, रेडिएटरांतले पाणी पाहत नाहीत. त्यावर तिने जे लिहिले ते मला एखाद्या वकिलाच्या युक्तिवादापेक्षा चोख वाटले: तुमच्या शिकलेल्या माणसाला जे दिसले नाही, ते मला कसे दिसावे?

वार्षिक तपासणी केलीच नसेल तर? तेव्हाही सारे संपत नाही. तिथल्या विमा कंपन्यांच्या नियमावलीनुसार, घरगुती ग्राहकाने एखादी अट मोडली एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. मोडलेल्या अटीचा आणि झालेल्या बिघाडाचा संबंध असावा लागतो. तपासणी चुकली आणि बॉयलरमधले इलेक्ट्रॉनिक सर्किट जळाले, तर दोहोंचा संबंध काय, हे कंपनीला विचारता येते. लोक विचारत नाहीत. फोनवरचा आवाज ठाम असला की माणूस गप्प बसतो, हे इथेही आणि तिथेही सारखेच.

तक्रारीची वाट तशी सोपी आहे. नकाराचे कारण आणि लागू केलेले कलम लेखी मागायचे, मग कंपनीकडेच रीतसर तक्रार करायची. तिला अंतिम उत्तर द्यायला आठ आठवडे मिळतात. उत्तर पटले नाही किंवा आलेच नाही, तर वित्तीय लोकपालाकडे जाता येते; अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत. ग्राहकाला फी नाही, वकील लागत नाही. आधी तपासनीस मत देतो, ते कोणत्याही बाजूला मान्य नसेल तर लोकपाल निर्णय देतो, आणि ग्राहकाने तो स्वीकारला की कंपनीवर बंधनकारक होतो. ग्राहकांची नावे वगळून हे निर्णय प्रसिद्धही होतात. कोणाला रविवारी दुपारी वाचायला काही नसेल तर त्यांतले पाचपंचवीस वाचावेत. कादंबरीकाराला त्यांत पात्रे सापडतात.

एक मेख मात्र आहे. असे सगळेच करार विमा नसतात. काही नुसते देखभालीचे करार असतात, दिसायला अगदी तसेच. पण त्यांची भांडणे या लोकपालाकडे जात नाहीत. करार विम्याचा की देखभालीचा, हे सही करण्यापूर्वीच पाहिलेले बरे. आणि घर भाड्याचे असेल तर हा झगडा भाडेकरूचा नव्हेच. गरम पाणी आणि ऊब यांची व्यवस्था चालू ठेवणे ही १९८५ च्या कायद्यानुसार घरमालकाची जबाबदारी. त्याचा विमा मंजूर होवो की न होवो.

या व्यवस्थेचा खरा दोष वेगळाच आहे. आठ आठवडे म्हणजे अख्खा हिवाळा. तीन आठवड्यांचे बाळ लोकपालाची वाट पाहत नाही. लेकीने बाहेरचा माणूस बोलावला. गॅसच्या कामाला नोंदणीकृत माणूसच हवा. २००९ पासून ही नोंदणी ‘गॅस सेफ रजिस्टर’कडे असते, आणि शेजारच्या हरहुन्नरी काकांना तिथे हात लावू देत नाहीत, ते योग्यच. बोलावण्यापूर्वी तिने कंपनीला ईमेलने तसे कळवले, माणसाकडून बिघाडाचे कारण लिहून घेतले, आणि काढलेला व्हॉल्व्ह प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला. त्या माणसाने लिहिले: थोडा गाळ आहे, पण व्हॉल्व्हचा आतला भाग झिजून तुटला आहे. सातव्या आठवड्यात कंपनीने व्हॉल्व्हचा खर्च मान्य केला. नळ्या धुऊन काढण्याचा खर्च नाकारला, आणि माझ्या मते तो नाकारणे रास्त होते. स्नेह्यांना अजून ते पटलेले नाही.

तक्रारी नीट न पाहणे हा केवळ आळस नसतो, याचा एक दाखला सार्वजनिक आहे. घरगुती दुरुस्तीचे विमे विकणाऱ्या ‘होमसर्व्ह’ या मोठ्या कंपनीला (वरच्या हकिगतीतली कंपनी ही नव्हे) तिथल्या वित्तीय नियामकाने फेब्रुवारी २०१४ मध्ये ३ कोटी पौंडांहून अधिक दंड केला. चुकीच्या पद्धतीने विमे विकणे आणि आलेल्या तक्रारींची धड चौकशी न करणे, ही कारणे त्यात होती.

‘दुरुस्ती परवडण्याजोगी नाही’ हा आणखी एक नकार. बॉयलर जुना झाला, त्याच्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग, म्हणून कंपनी हात वर करते. काही करारांत नव्या बॉयलरसाठी थोडी रक्कम देते. इथे किंमत कशी काढली हेच विचारायचे. सुटा भाग बाजारात मिळत नाही असे सांगितले, तर एकदोन विक्रेत्यांना स्वतः फोन करून पाहायचा.

काही वेळा तर बॉयलर बिघडलेलाच नसतो. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवे बॉयलर बहुतेक वाफेतली उष्णताही वापरणारे असतात. त्यांतून ठिबकणारे पाणी एका बारीक प्लास्टिकच्या नळीने बाहेर जाते. कडाक्याच्या थंडीत ही नळी गोठते आणि बॉयलर स्वतःहून बंद होतो. डिसेंबर २०१० मध्ये, शतकातल्या सर्वांत थंड डिसेंबरात, असंख्य घरांत हेच झाले. नळी गोठणे कित्येक करारांत बसत नाही, पण त्यावर भांडायचे कारणही नाही. नळीवर कोमट पाणी ओतायचे, उकळते नाही, किंवा रबरी गरम पाण्याची पिशवी धरायची, आणि बर्फ सुटला की बटण दाबून बॉयलर पुन्हा लावायचा. जानेवारीत लेकीकडे निघालेल्या आईवडिलांनी ही नळी घराच्या कोणत्या भिंतीवरून उतरते, ते पोहोचल्या दिवशीच उजेडी पाहून ठेवावे.