मेडिकलचं सॉफ्टवेअर : नोंद आहे, पण सापडते का?

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी बरडहून नातेपुत्यात मुक्कामाला येते. त्या दिवशी गावातल्या मेडिकलच्या काउंटरवर तापाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, मलम आणि बँडेज यांची मागणी अखंड सुरू असते. गर्दीत प्रत्येक बिलावर ग्राहकाचं नाव म्हणून ‘कॅश’ टाकलं जातं. विक्री संगणकात चढते, हिशेब जुळतो आणि नोंद झाली असं दुकानदाराला वाटतं. मात्र औषध नेमकं कोणाला गेलं, हे त्या नोंदीतून नंतर कळत नाही. औषधविक्रीच्या सॉफ्टवेअरबद्दलचे असे काही गैरसमज दूर व्हायलाच हवेत.

गैरसमज : औषधाचं नाव टाकलं की हवी ती नोंद सापडते.
वस्तुस्थिती : औषधाची खरी ओळख बॅच नंबरने पटते. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुलांचे मृत्यू झाल्यानंतर ऑक्टोबर २०२५मध्ये ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने एसआर-१३ या बॅचची विक्री आणि वापर थांबवण्याची सूचना दिली. अशा वेळी दुकानदाराला तीन गोष्टी लगेच सांगता आल्या पाहिजेत : ही बॅच आपल्याकडे कोणत्या बिलाने आली, किती शिल्लक आहे आणि कोणाला विकली. खरेदीची एन्ट्री करताना बॅचच्या रकान्यात घाईने काहीतरी टाकलं असेल, तर यातलं काहीच हाती लागत नाही.

गैरसमज : स्पेलिंग थोडं चुकलं तरी बिघडत नाही.
वस्तुस्थिती : एकाने ‘मेटफॉर्मिन ५००’ लिहिलं, दुसऱ्याने ‘मेटफॉर्मीन-५००’ आणि तिसऱ्याने नुसतं ‘मेट ५००’, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ही तीन वेगळी औषधं ठरतात. साठा तीन ठिकाणी विभागला जातो. एका नावाखाली शिल्लक शून्य दिसते म्हणून नवी ऑर्डर जाते आणि रॅकमधला जुना माल तसाच पडून राहतो. नवं नाव उघडण्याची मुभा दुकानात एकाच माणसाकडे ठेवावी. प्रत्येक औषधापुढे कंटेंट, पॅकिंग आणि रॅक नंबर भरावा. मग ब्रँडचं नाव आठवलं नाही, तरी कंटेंटवरून औषध सापडतं.

गैरसमज : एक्सपायरीकडे सॉफ्टवेअर आपोआप लक्ष ठेवतं.
वस्तुस्थिती : आपण भरलेल्या तारखेवरच ते लक्ष ठेवतं. स्ट्रिपवर ०४/२०२७ छापलेलं असेल, तर औषध ३० एप्रिल २०२७पर्यंत चालतं, कारण नियमानुसार मुदत त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते. कोणी १ एप्रिल अशी तारीख टाकली, तर चांगला माल महिनाभर आधीच बाद दिसतो. २०२७च्या जागी २०२८ पडलं, तर मुदत संपलेलं औषध रुग्णाच्या हातात जातं. पुढच्या तीन महिन्यांत संपणाऱ्या मालाची यादी होलसेलरनुसार दर महिन्याला काढावी, म्हणजे एक्सपायरी रिटर्न वेळेत जातो.

गैरसमज : बिल केलं म्हणजे शेड्यूल एच-१ची नोंद झाली.
वस्तुस्थिती : १ मार्च २०१४पासून शेड्यूल एच-१ या यादीतल्या औषधांसाठी स्वतंत्र नोंदवही बंधनकारक आहे. सेफिक्झिमसारखी प्रतिजैविकं, क्षयरोगावरची औषधं आणि अल्प्राझोलम ही त्यातली काही औषधं. डॉक्टरचं नाव व पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि दिलेली संख्या यांची नोंद औषध देतानाच करायची आणि ती तीन वर्षं जपायची. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये बिलांवरूनच हे रजिस्टर तयार होतं, पण डॉक्टरचा रकाना रिकामा आणि रुग्णाच्या जागी ‘कॅश’ असेल, तर रजिस्टरही पोकळच निघतं.

गैरसमज : नवं आर्थिक वर्ष सुरू झालं की जुना डेटा काढून टाकता येतो.
वस्तुस्थिती : जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २२ सप्टेंबर २०२५पासून बहुतेक औषधांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीची बिलं जुन्याच दराने दिसली पाहिजेत. रोज रात्री बॅकअप घ्यावा, त्याची एक प्रत दुकानाबाहेर ठेवावी आणि तो बॅकअप उघडतो की नाही, हेही अधूनमधून तपासावं.

वारीतला माणूस दुसऱ्या दिवशी माळशिरसकडे निघून जातो. त्याला दिलेल्या औषधात दोष निघाला, तर बिलावरचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर एवढाच त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग उरतो. म्हणून मेडिकलवाल्या मित्रांनो, आज दुकान बंद करण्याआधी रॅकमधली कोणतीही एक स्ट्रिप उचला आणि तिचा बॅच नंबर सॉफ्टवेअरमध्ये शोधा. तो माल कुठून आला आणि कोणाला गेला हे दोन मिनिटांत दिसलं नाही, तर उद्याच्या पहिल्या खरेदी बिलापासून एन्ट्रीची पद्धत बदला.