दमा नव्हता तो

पोलादपूरच्या डोंगरावरच्या वाडीतली बाई, वय ३८. दोन बाळंतपणं झालेली, दर पावसाळ्यात लावणी, डोक्यावर लाकडाची मोळी. चढण आली की धाप लागायची, म्हणून वर्षानुवर्षं दम्याच्या गोळ्या. मुंबईतल्या चाकरमानी भावाने टू-डी इको करवला तेव्हा कळलं, हृदयाला जन्मापासून भोक आहे. हे भोक घेऊन ही बाई डोंगर चढत होती! परवानगी काढून मी तिच्या ऑपरेशनला उभा राहिलो.

भोकही साधं नाही. सायनस व्हेनोसस म्हणतात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असलेल्या शंभरात पाच-दहा जणांचं असं असतं. ते वरच्या महाशिरेच्या तोंडाशी असतं आणि बहुधा उजव्या फुप्फुसाची एखादी शीरही भलतीकडेच उघडते. मांडीतल्या शिरेतून छत्रीसारखी चकती सरकवून बुजवावं, तर ती धरायला इथे कड नसते. सहसा छाती उघडावी लागते.

करवत फिरली, मांस जळल्याचा वास सुटला. माझी नजर मात्र सर्जनपेक्षा हार्ट-लंग मशीनपाशी बसलेल्या पर्फ्युजनिस्ट मुलीकडेच वळत होती. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात; ते दिल्यावर रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तिने पाहिलं आणि आकडा ४८० सेकंदांच्या वर गेल्यावरच "चालेल" म्हणाली. काळपट रक्त एका नळीतून येत होतं, लालभडक होऊन दुसरीतून जात होतं. १९५३ साली फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी असं यंत्र लावून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, तेही वरच्या पडद्यातल्या भोकाचंच, १८ वर्षांच्या मुलीचं.

क्लॅम्प लागला, हृदय थांबलं. बाईच्याच हृदयावरच्या आवरणाचा तुकडा कापला, पाच रुपयांच्या नाण्याहून थोडा मोठा. तो भोकावर नुसता डकवायचा नसतो. वाट चुकलेल्या शिरेतलं रक्त भोकातूनच डाव्या कप्प्यात जाईल, असा आडोसा शिवायचा असतो. शेजारीच ठोके सुरू करणारी गाठ. तिला टाका लागला तर बाईला पेसमेकर घेऊन गावी जावं लागेल. तिथे सर्जनचा हात फार सावकाश चालला.

"तीस," मुलगी म्हणाली. मग "चाळीस". क्लॅम्प सुटला तेव्हा, "बेचाळीस मिनिटं."

४२ मिनिटं! आणि त्याआधी ३८ वर्षं कोणी ऐकलंच नव्हतं. ऐकलं नव्हतं म्हणजे खरोखरच कानांनी. अशा भोकात 'लब-डब'मधला 'डब' दुभंगतो आणि श्वास घेतला काय, सोडला काय, ती फट तेवढीच राहते. स्टेथोस्कोप निवांत टेकवला तर बहुतेकदा कळतं. शेजारच्या महाड तालुक्यात, बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात, डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू चावलेल्यांच्या खाटेशेजारी बसून हृदय कसं बिघडतं ते टिपलं. १९८२ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यांच्या हाताशी तरी कुठे मोठी यंत्रं होती? गोळ्यांची चिठ्ठी लिहिण्याआधी छातीला कान देण्याएवढी सवड मात्र हवी.

आता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्या-शाळांत मुलं तपासायला येतं. त्या दिवशी पोराला लावणीला नेऊ नका, शाळेत पाठवा.