केळी आखातात, भाजी बाजारातून

केम म्हटलं की आधी कुंकू आठवतं. करमाळा तालुक्यातलं, जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधलं हे रेल्वे स्टेशनचं गाव. पण त्याचं नाव लांबलांबच्या देवघरांत पोचलं ते करंड्यातल्या कुंकवामुळे. पारंपरिक कुंकू हळदीचं आणि हळदीची मोठी पेठ सांगलीला. म्हणजे माल दुसरीकडचा, हातोटी मात्र गावाची. घरातल्या मोठ्यांनी ती धाकट्यांच्या हाती दिली, म्हणून धंदा टिकला. ताटातल्या भाजीचा विचार करतानाही मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

करमाळ्याच्या पश्चिमेला उजनी धरणाचं पाणी आहे. त्या पाण्यावर ऊस वाढला, मग केळी आली, आणि कंदर-टेंभुर्णी पट्ट्यातली केळी आज आखाती देशांत जातात. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही मिळालं. एवढं पिकवणाऱ्या जिल्ह्यात रानात राबणाऱ्या बाईच्या जेवणात मात्र कितीदा भाकरी, शेंगाचटणी आणि पातळ आमटी एवढंच असतं. हिरवी भाजी आठवडी बाजारातून येते, दोन-तीन दिवस पुरते आणि नंतर पुढच्या बाजारापर्यंत बटाटा-कांद्यावर भागवलं जातं. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खा म्हणते. चार माणसांच्या घराला रोज दीड किलोहून जास्त. विकत घेऊन हा हिशेब मजुराच्या घरात बसत नाही.

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी ‘चतुरंग शेती’ मांडली होती: सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. त्याआधी ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेत शेतकऱ्यांनी जमिनीचा काही भाग घरच्या लक्ष्मीच्या नावावर करून द्यावा, असा आग्रह त्यांनी धरला होता. सीताशेती त्याच वाटेवरची. बाईच्या हातातला जमिनीचा तुकडा, बाहेरून खत-औषध न आणता कसलेला, आधी घराला खाऊ घालणारा. आपल्या भागाने चारांपैकी शेवटची दोन अंगं उत्तम साधली. पहिलं मागे राहिलं, आणि ते क्षुल्लक होतं म्हणून मागे राहिलं असं मला मुळीच वाटत नाही. त्यातून पट्टी येत नव्हती, म्हणून ते कुणाच्या हिशेबात आलं नाही.

करमाळ्याची शीव धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याला लागून आहे. त्या जिल्ह्यात स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बायकांबरोबर काम करू लागली. पुढे दुष्काळाच्या वर्षांत तिने ‘एक एकर’ची पद्धत उभी केली. घरातल्या बाईने नवऱ्याकडे-सासऱ्याकडे अर्धा ते एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात नगदी पिकाऐवजी ज्वारी-बाजरी, कडधान्यं, भाजीपाला लावायचा. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला त्या मागण्याचं मोल जास्त वाटतं. पेरायचं काय हे ठरवण्याचा अधिकार बाईकडे आला की ताटातलं आपोआप बदलतं.

पण ज्या घराला एकरभर जमीनच नाही, त्याचं काय? याचं उत्तर श्री. अ. दाभोळकर देऊन गेले आहेत. गारगोटीच्या मौनी विद्यापीठातला हा गणिताचा माणूस. त्यांनी तासगावच्या द्राक्षबागायतदारांना पानं मोजायला, सूर्यप्रकाशाचा हिशेब मांडायला शिकवलं, आणि ‘प्रयोग परिवार’ नावाचं शेतकऱ्यांचं जाळं विणलं. तिथे पदवी लागत नव्हती. आपल्या बांधावर काय झालं ते दुसऱ्याला सांगायचं, एवढीच अट. पाच माणसांच्या कुटुंबाला नीट कसलेले दहा गुंठे पुरतात, ही त्यांची मांडणी. प्रयोगाचं हे वेड सोलापूरला परकं नाही. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी स्वतःच्या बागेतल्या निरीक्षणातून ‘सोनाका’ द्राक्ष उभं केलं. तीच नजर परसातल्या दोडक्याच्या वेलाकडे वळवायची आहे.

आता पाणी. सोलापूर जिल्ह्याचं सरासरी पाऊसमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. त्यामुळे परसबागेचा भरवसा पावसावर नाही, मोरीवर आहे. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं प्रमाण धरलं आहे. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर. त्यातलं अंघोळीचं, भांड्यांचं मिळून दीडशे लिटर जरी परसात वळवता आलं, तरी हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिवाळ्यात भाजीला दिवसाला साधारण चार मिलिमीटर लागतं असं धरलं, तर दीडशे लिटरवर चारशे चौरस फूट भिजतं. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. एप्रिल-मेच्या उन्हात गरज दुप्पट होते आणि बाग निम्म्यावर आणावी लागते. ज्यांनी ती निम्म्यावर आणली नाही, त्यांची सगळीच जळाली, हे दर उन्हाळ्यात दिसतं.

साबणाचं पाणी थेट पालेभाजीवर सोडू नये. जुन्या घरांत मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ असायची, त्यामागे पिढ्यांची जाण होती. पाणी आधी त्यांच्या मुळांतून जाऊ द्यायचं, मग दगड-वाळूच्या छोट्या खड्ड्यातून पुढे वाफ्यात. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचून राहतं, म्हणून वाफा वीतभर उंच करायचा, त्यात पाचट, पालापाचोळा, शेण भरायचं आणि वरून पुन्हा पाचटाचं आच्छादन. उसाच्या पट्ट्यात पाचट फुकट मिळतं. ते पेटवून देण्यापेक्षा भाजीच्या बुडाशी घातलेलं केव्हाही चांगलं. पश्चिमेच्या अंगाला शेवगा आणि हदगा. दुपारनंतरचं ऊन ते अडवतात, आणि स्वतःही भाजी देतात.

बियांची बाजू मला सगळ्यांत नाजूक वाटते. बियाण्यांच्या वाटपात मिळालेल्या पाकिटात बऱ्याचदा संकरित बी असतं. त्याची भाजी छान येते, पण तिचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तेच फळ येईल असं नाही. म्हणजे दरवर्षी पाकिटाची वाट बघणं आलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती याच्या नेमक्या उलट कामासाठी. गावरान वाण गोळा करायचे, लावायचे, बी धरायचं आणि दुसऱ्याला द्यायचं.

बी धरणं म्हणजे काय, ते दोडक्यावर बघा. वेलावरचं मधलं, सरळ, निरोगी फळ खुणेसाठी चिंधी बांधून ठेवायचं. कितीही मोह झाला तरी तोडायचं नाही. ते वेलावरच पिवळं, मग तपकिरी होतं. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की उतरवायचं आणि सावलीत टांगायचं. बिया काढून राखेत घोळल्या की पुढच्या जूनची सोय झाली. अवघड काम पुढे आहे. भोपळावर्गातल्या वेलांचं परागीभवन कीटक करतात. शेजारशेजारच्या परसात एकीकडे लांब दुधी आणि दुसरीकडे गोल दुधी लावला, तर दोघांचंही बी मिसळतं. एकट्या घराला वाण शुद्ध राखता येत नाही. या वस्तीने लांब दुधी सांभाळायचा, पलीकडच्या वस्तीने गोल, आणि बी संक्रांतीच्या वाणात एकमेकींना द्यायचं, असं बायकांनी बसून ठरवावं लागतं. सामुदायिक बाग म्हणजे गावाची एकच सामाईक जमीन, अशी समजूत असते. गावात तशी जमीन बहुधा मिळत नाही आणि मिळाली तरी तिथे राखण कोण करणार, यावरून भांडणं होतात. वीस घरांची वीस परसं आणि त्यांच्यामधलं सामाईक बी, ही रचना आपल्या गावांना जास्त मानवेल असं माझं ठाम मत आहे.

मग या रचनेत शाळेने काय करायचं? शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे, सहावी ते आठवीला ७५. शंभर लहान मुलांच्या शाळेला रोज पाच किलो. अर्ध्या गुंठ्याची शाळेची बाग हे वर्षभर देऊ शकणार नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही करू नये. तिने आठवड्यातून दोनदा आमटीत घालायला शेवग्याचा पाला द्यावा आणि बाकी दिवस वर्ग व्हावं. वाफ्याचं क्षेत्रफळ फूटपट्टीने काढणं हे गणित, दुधीची नर-मादी फुलं ओळखणं हे विज्ञान, आणि आजीला विचारून पाथरी, चिघळ, तांदुळजा, चाकवत यांची नावं व पाककृती वहीत लिहिणं ही भाषा. ज्वारीच्या रानात आपोआप उगवणाऱ्या या भाज्या तणनाशकांनी निम्म्या संपवल्या. ओळखणारी माणसंही कमी होत चालली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ शिकवलं, डॉ. कलबागांनी पाबळला १९८३ साली विज्ञान आश्रम काढून हाताने काम करत शिकणं शाळेत नेलं. अमेरिकेत बर्कलीच्या एका शाळेत १९९५ पासून मुलं बागेत पिकवतात आणि तेच स्वयंपाकघरात शिजवायला शिकतात. आपल्याकडे याची मुळं त्याहून जुनी आहेत.

शाळेची बाग मरते ती मे महिन्यात. निकाल लागतो, मुलं मामाच्या गावाला जातात, गुरुजी आपल्या गावी, आणि जूनमध्ये वाळक्या काटक्या राहतात. म्हणून तिथे उन्हाळी भाजी लावण्याचा हट्ट नको. जूनमध्ये सुरुवात, फेब्रुवारीत बी धरणं, मार्चमध्ये वाफे पाचटाने झाकून बंद. राहिली शेवगा, हदगा, कढीपत्ता, लिंबू अशी आठ-दहा झाडं. त्यांना सुट्टीत आठवड्याला दोनदा पाणी कोण घालणार, एवढाच प्रश्न उरतो. महाराष्ट्रात १ मे रोजी ग्रामसभा होते, नेमकी सुट्टी लागण्याच्या सुमाराला. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर शाळेच्या झाडांचं पाणी हा विषय घ्यावा, शाळेजवळच्या चार घरांची नावं पाळीने लिहून घ्यावीत, आणि त्या झाडांची सुट्टीतली भाजी त्याच घरांनी न्यावी.