रानात भूक लागली तर...

वाट चुकली तरी रानात कंदमुळे, फळे खाऊन माणूस सहज जगेल, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. ऋषिमुनींच्या गोष्टींनी तो पक्का केलेला असतो. परंतु पोट भरणे वेगळे आणि शरीराचे पोषण होणे वेगळे.

वाळवंटातील धडा

ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडण्यासाठी बर्क आणि विल्स यांची तुकडी १८६० साली मेलबर्नहून निघाली. परतताना कूपर्स क्रीक नदीकाठी त्यांचा शिधा संपत आला. तेव्हा तेथील यांद्रुवांधा आदिवासींचे पाहून त्यांनी 'नार्डू' या पाणवनस्पतीची बियांसारखी टणक फळे कुटून खाण्यास सुरुवात केली. पोट भरे, पण शक्ती रोज कमी होई. १८६१ च्या मध्यास दोघेही मरण पावले.

नार्डूमध्ये ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. आदिवासी ती भाजून, भरपूर पाण्याबरोबर वाटून खात. त्यामुळे हा दोष बराच कमी होई. जोडीला मासेही असत. पाहुण्यांनी वनस्पती घेतली, पण कृती घेतली नाही. तिसरा सोबती जॉन किंग आदिवासींच्या आश्रयाला राहिला आणि वाचला.

बर्फातील आहार

कॅनडात १५३५-३६ च्या हिवाळ्यात फ्रेंच दर्यावर्दी कार्तिए याच्या सुमारे ११० माणसांपैकी २५ जण क जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या स्कर्व्ही रोगाने दगावले. स्थानिकांनी एका सदाहरित वृक्षाची पाने व साल उकळून तो काढा घेण्यास सांगितले. बाकीचे बरे झाले. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक व्हेल माशाची कातडी कच्ची खातात. त्यातून त्यांना क जीवनसत्त्व मिळते. मात्र नुसत्या सशासारख्या चरबीहीन मांसावर राहिल्यास जुलाब, अशक्तपणा येऊन माणूस खंगतो. प्रथिनांबरोबर स्निग्ध किंवा पिष्टमय पदार्थ हवेतच.

आपला सह्याद्री

आपल्याकडेही हेच ज्ञान आहे. पावसाळ्याच्या तोंडावर येणारी शेवळे नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून ती काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालून करतात. रानातले कडू कंद उकडून, चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवतात, मगच खातात. विषारी अळंबी मात्र कितीही शिजवली तरी निर्धोक होईलच असे नाही. पक्ष्याने किंवा माकडाने खाल्लेले फळ माणसाला चालेलच, हेही खरे नव्हे.

वाट चुकल्यास काय करावे?

१. घाबरू नका. निरोगी माणूस अन्नावाचून काही आठवडे जगू शकतो. पाण्यावाचून मात्र थोडेच दिवस. म्हणून आधी सावली व पाणी शोधा. शक्य असेल तर पाणी उकळून प्या.

२. अनोळखी पान, फळ, कंद किंवा अळंबी तोंडात घालू नका. उलट्या-जुलाबांनी शरीरातील उरलेले पाणीही जाते.

३. पाणी कमी असेल तर कमी खा. अन्न पचवायला, विशेषतः प्रथिनांना, पाणी लागते.

४. उगाच भटकून शक्ती घालवू नका. मोबाइलला रेंज असेल तर ११२ क्रमांकावर कळवा.

५. काही विषारी खाल्ल्याची शंका आल्यास त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा. खाल्लेल्या वस्तूचा तुकडा डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत न्या.

गडावर किंवा डोंगरात निघताना पिशवीत गूळ, शेंगदाणे, खजूर व पुरेसे पाणी ठेवावे आणि परतण्याची वेळ घरी सांगून जावे. रानभाज्यांची आवड असेल तर गावातल्या जाणत्या आजीकडून भाजी ओळखायला शिकावे, आणि ती कशी करायची हेही तिलाच विचारावे.