व्हिडिओ-खेळाचा नवा हंगाम : लाभ आणि हानि

हंगाम हा शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आंब्यांचा हंगाम असतो, लग्नांचा असतो, ऊसतोडणीचा असतो. परंतु घरांत बसून यंत्राच्या पडद्यावर जे खेळ खेळावयाचे त्यांनाही हंगाम असतात, ते नेमलेल्या दिवशीं सुरू होतात व नेमलेल्या दिवशीं संपतात, ही गोष्ट माझ्यासारख्या जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन पुढें सारा जन्म शाळेंत घालविलेल्या मास्तरास साठी उलटल्यावर कळली. कळविणारा गुरु म्हणजे माझा नातू. त्याच्या शेजारीं बसून एक हंगाम मीं आरंभापासून शेवटापर्यंत पाहिला; त्याच्याविषयींच आज बोलावें असें योजिलें आहे. ज्या घरांत दहा-पंधरा वर्षांचें मूल आहे त्या घरीं हा प्रश्न आज ना उद्यां पैशांच्या रूपानें वडील माणसांपुढें येऊन उभा राहतोच, म्हणून तो नीट समजून घेतलेला बरा.

खेळाचें नांव फोर्टनाइट. अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलिना राज्यांतील केरी गांवच्या एपिक गेम्स या कंपनीनें तो २०१७ सालीं काढला. ज्या प्रकारामुळें त्याचा जगभर बोलबाला झाला तो प्रकार त्याच वर्षीं २६ सप्टेंबर रोजीं बाहेर पडला. त्याची रीत अशी : आपापल्या घरीं बसलेले शंभर खेळाडू आकाशांतून एका बेटावर उतरतात, हत्यारें व औषधें धुंडाळतात, भोंवतालचें वादळ बेटास हळूहळू आवळीत येतें, आणि सर्वांच्या शेवटीं जो टिकेल तो जिंकला. मुलांनीं गोळीबाराचे खेळ खेळावे काय, हा प्रश्न आपल्या मनांत आला असेल. माझ्याही मनांत आला होता. खेळांत रक्त दाखवीत नाहींत, एवढ्यानें माझें पूर्ण समाधान झालेलें नाहीं; पण तो वाद आज बाजूस ठेवूं.

या खेळाचें खरें वैशिष्ट्य गोळीबार नसून बांधकाम हें होतें. खेळाडूनें झाडें तोडून लांकूड जमवावें, खडक फोडून दगड, गाड्या मोडून धातु जमवावा, आणि त्या सामानाची भिंत, तक्तपोशी, जिना अगर छप्पर क्षणार्धांत उभें करावें. समोरून गोळी आली कीं कसलेला मुलगा ती अंगावर येण्यापूर्वींच भिंत उभारतो, भिंतीमागें जिना, जिन्यावर दुसरा जिना, आणि पाहतां पाहतां तो तीन मजले चढून शत्रूच्या माथ्यावर! यासाठीं दोन्ही हातांच्या बोटांना इतकी चपळाई लागते कीं, पेटीवर द्रुत लयींत बोटें फिरविणाऱ्या वादकाचीच आठवण व्हावी. टाळेबंदीच्या काळांत शाळा बंद असतांना माझ्या नातवानें ही विद्या दोन वर्षें घोटून घोटून साधली होती. मीं एकदां खेळून पाहिलें, तों कोणी माझ्या डोळ्यांदेखत माडी बांधली, वरून नेम धरला, आणि मी बाद झालों. पुन्हां त्या वाटेस गेलों नाहीं.

आतां हंगामाची गोष्ट. खेळ फुकट आहे. मग कंपनीचें पोट कशावर चालतें? तर दर दोन-तीन महिन्यांनीं ती बेटाचा नकाशा बदलते, कांहीं हत्यारें काढून घेते, कांहीं नवीं देते, कथेचा पुढचा भाग सुरू करते, आणि त्याबरोबर त्या हंगामापुरता एक परवाना विकते. त्याला बॅटल पास म्हणतात. परवाना घेणाऱ्यास खेळतां खेळतां एकेक पायरी चढून नवे पोशाख, नाच व नखरे मिळतात. त्यांनीं खेळांत बळ वाढत नाहीं, शोभा वाढते. पण शाळेच्या स्नेहसंमेलनांत कोणाचा झब्बा जरीचा आहे हें मुलांना किती महत्त्वाचें वाटतें, हें मीं तीस वर्षें पाहिलें आहे.

२०२२ सालीं धुळवड होऊन दोन दिवस झाले होते. २० मार्चचा रविवार. त्या दिवशीं या खेळाच्या तिसऱ्या पर्वाचा दुसरा हंगाम सुरू झाला, आणि पाहतों तों नेहमींच्या सामन्यांतून बांधकामच नाहींसें झालें! कथेंत कारण असें दिलें होतें कीं, बेटावरील एका दुष्ट संघटनेनें बांधण्याची शक्ति हिरावून घेतली आहे. बदल्यांत प्रत्येकास आपोआप भरून येणारें एक जादा कवच, वेगानें धांवण्याची आणि कठड्यास धरून वर चढण्याची सोय मिळाली होती.

नातू म्हणाला, "आजोबा, आतां तुम्ही खेळून पाहा. आतां सगळे सारखेच."

मी बसलों. झुडुपांच्या आड राहून, टेकडीचा आधार घेऊन, वादळाच्या कडेकडेनें सरकत मी शंभरांतील शेवटच्या तिसांत पोंचलों. आम्ही दोघे जोडीनेंही खेळलों. तो पुढें, मी मागें. त्यानें खूण करावी व मीं औषध आणून द्यावें. हा नव्या हंगामाचा पहिला मोठा लाभ, आणि तो कमी लेखण्याजोगा नाहीं. जुन्या खेळांत नवशिक्या आणि तरबेज यांमधील अंतर दरसाल वाढत जाऊन शेवटीं नवशिक्यास दारांतच हार खावी लागते. नियम थोडा हालविला कीं दार पुन्हां उघडतें. वादळाची दिशा ओळखणें, उंच जागा धरणें, वेळीं माघार घेणें हे गुण माडीखालीं दडपले गेले होते. ते वर आले.

परंतु त्याच वेळीं शेजारच्या खुर्चींत दुसरी बाजूही मला दिसत होती. नातवाचीं बोटें संवयीनें भिंतीच्या कळीकडे जात, आणि भिंत उठत नसे. तो रागावला नाहीं, हंसला. पण दोन वर्षांची कमाई एका दिवसांत निरुपयोगी झालेल्या कारागिराचा चेहरा मला ओळखतां येतो. माझा लाभ होता तीच नेमकी त्याची हानि होती.

येथें मला बुद्धिबळाचें उदाहरण आठवतें. आपल्याकडे पूर्वीं हिंदुस्थानी पद्धतीनें बुद्धिबळ खेळत. त्यांत प्यादें पहिल्या खेपेसही एकच घर चालत असे, आणि किल्लेकोट करण्याची युरोपीय रीत नव्हती. पुढें पाश्चात्त्य नियम रूढ झाले आणि जुन्या खेळाडूंना आपले कित्येक ठरलेले डाव टाकून द्यावे लागले. म्हणजे नियम बदलणें हें कांहीं आजचें पाप नव्हे. परंतु भेद असा कीं, पट व सोंगट्या घरच्या होत्या. दोन वृद्ध गृहस्थ वाड्याच्या ओटीवर बसून "आपण जुन्या रीतीनेंच खेळूं" असें म्हणूं लागले, तर त्यांस अडविणारा कोणी नव्हता. पडद्यावरील खेळाचा पट खेळाडूच्या घरीं नसतो. तो कंपनीच्या यंत्रांत असतो. शंभरच्या शंभर खेळाडूंनीं एकमतानें कालचा खेळ मागितला, तरी दुकानदारानें फळी लावली असेल तर कालचा खेळ नाहीं. नव्या हंगामाच्या गुणदोषांची चर्चा मुलें करतात ती बहुधा अमुक बंदूक जड झाली, तमुक हलकी झाली अशी असते. मला वाटतें, मूळ गोम ही पटाच्या मालकीची आहे.

कंपनीनें त्या वेळीं शहाणपण दाखविलें, हें सांगितलें पाहिजे. नऊ दिवसांनीं, २९ मार्च रोजीं, बांधकाम परत आलें आणि त्यावांचूनचा प्रकार 'झीरो बिल्ड' या नांवानें निराळा कायम केला गेला. ज्यास जें रुचेल तें त्यानें खेळावें. तोडगा उत्तम, तथापि आमच्या घरीं त्याचा परिणाम असा झाला कीं, नातू आपल्या माड्यांकडे गेला आणि मी माझ्या झुडुपांत राहिलों. नऊ दिवसांची जोडी फुटली.

आतां पैशांकडे वळूं. मास्तर म्हटला कीं हिशेब आलाच. त्या हंगामाच्या परवान्याची किंमत ९५० व्ही-बक्स, म्हणजे खेळांतलें खोटें नाणें. तें खऱ्या पैशांनीं घ्यावयाचें, आणि लहानांत लहान पुडकें १००० चें असे. अमेरिकेंत त्यास तेव्हां ७ डॉलर ९९ सेंट पडत. उरले ५०. त्या पन्नासांत दुकानांतलें फारसें कांहीं येत नसे, म्हणून पुन्हां पुडकें घ्यावेंसें वाटे. उलट, परवान्याच्या सगळ्या पायऱ्या चढणारास खेळांतूनच १५०० व्ही-बक्स परत मिळत, म्हणजे पुढचा परवाना त्याला फुकट पडला असें झालें. सौदा वरवर सरळ आहे, आणि मन लावून खेळणाऱ्या मुलाच्या हिताचाही आहे. पण त्याची किंमत पैशांत नसून दिवसांत मोजावयाची. हंगाम २० मार्चपासून ४ जूनपर्यंत, म्हणजे ७७ दिवसांचा, पायऱ्या १००. रोज एकीहून अधिक पायरी चढली पाहिजे. चुकली ती त्या वेळच्या नियमाप्रमाणें कायमची चुकली. तो पोशाख पुन्हां दुकानांत यावयाचा नाहीं. आणि या ७७ दिवसांच्या पोटांत आमच्याकडील वार्षिक परीक्षा! केरी गांवीं बसून हंगाम आंखणारास पुण्याची परीक्षा कोठून ठाऊक असणार? त्यास दोष देतां येत नाहीं. पण घड्याळ त्याचें आणि मूल आपलें, हें आपण तरी विसरूं नये.

या लहानसहान पोशाखांतून केवढी रक्कम जमते याचा अंदाज याच हंगामांत सर्वांस आला. २० मार्च ते ३ एप्रिल या पंधरा दिवसांचें आपलें उत्पन्न युक्रेनमधील युद्धपीडितांच्या साहाय्यास देण्याचें कंपनीनें जाहीर केलें, आणि १४ कोटि ४० लक्ष डॉलर जमले! धर्मकार्य म्हणून कित्येकांनीं सढळ हातानें खर्च केला असेल हें धरूनही आंकडा डोळे विस्फारणारा आहे. मुलांनीं व तरुणांनीं नकळत केवढें सत्कार्य केलें, हा त्याचा एक अर्थ. फुकट खेळ किती फुकट असतो, हा दुसरा.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें या कंपनीशीं ५२ कोटि डॉलरांचा निवाडा केला. त्यांपैकीं २७ कोटि ५० लक्ष मुलांच्या खाजगी माहितीविषयींचा कायदा मोडल्याबद्दल दंडाचे, आणि २४ कोटि ५० लक्ष गिऱ्हाइकांस परत करावयाचे. कळांची मांडणी गोंधळाची असल्यामुळें एक कळ दाबतांच मनांत नसलेली खरेदी होते, असा तो आरोप होता.

पुढील वर्षांत कंपनीस दोन गोष्टी उमगल्यासारख्या दिसतात. ३ नोव्हेंबर २०२३ रोजीं तिनें जुना नकाशा सुमारें एका महिन्यापुरता परत आणला, तेव्हां दुसऱ्याच दिवशीं ४ कोटि ४७ लक्ष लोक खेळावयास आले. नावीन्यासाठीं हंगाम काढणाऱ्यांस सर्वांत मोठी गर्दी जुन्याच मालानें मिळाली, ही मौज आहे. डिसेंबर २०२४ पासून तो जुना प्रकार स्वतंत्रपणें पुन्हां सुरू झाला. आणि २०२४ च्या ऑगस्टपासूनच्या परवान्यांतील वस्तु अठरा महिन्यांनंतर दुकानांत पुन्हां येऊं शकतील, असाही नियम केला गेला. ज्यांनीं पूर्वीं रात्रीं जागून त्या मिळविल्या होत्या त्यांच्यापैकीं कांहीं जण कुरकुरले. मला मात्र हा बदल पसंत आहे. 'आतां नाहीं तर कधींच नाहीं' या चाबकाची धार त्यानें थोडी बोथट होते.

२०२२ सालीं तो नियम नव्हता, म्हणून आम्हीं घरीं निराळी तोड काढली. ती नातवानेंच सांगितली. परवाना हंगामाच्या आरंभींच घेतला पाहिजे असें नाहीं. शेवटच्या दिवशीं घेतला तरी तोंवर चढलेल्या पायऱ्यांचें फळ मिळतें. मग घाई कशास? परीक्षा होऊं द्यावी, सुटींत वाटेल तेवढें खेळावें, आणि जूनच्या आरंभीं किती पायऱ्या झाल्या तें पाहून पैसे द्यावयाचे कीं नाहीं तें ठरवावें. मुलाच्या आईस हें पटलें; मला तर फारच पटलें.

३ जूनच्या संध्याकाळीं तो कागद-पेन्सिल घेऊन माझ्याजवळ आला. एकसष्ट पायऱ्या झाल्या होत्या. पोशाखांच्या चित्रांपैकीं मिळणारे कोणते आणि त्यांतले आवडीचे कोणते, याची त्यानें यादी केली. आवडीचे दोनच निघाले. बराच वेळ पेन्सिल चावून तो म्हणाला, "राहूं द्या आजोबा. उद्यां हंगाम संपतो आहे. तुमच्या झीरो बिल्डांत एक डाव जोडीनें खेळूं या."

आम्ही खेळलों. मी चौदाव्या जागीं बाद झालों. तो शेवटच्या तिघांपर्यंत टिकला.